आत्याची साक्ष

केतकीला न्यायाधीशांच्या खोलीत नेलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. शिपायानं तिचा हात धरला, तसा तिनं माझा सोडला. दारापाशी वळून म्हणाली, "आत्या, माझा डबा सांभाळ गं. मी आलेच." साडेसहा वर्षांची पोर. जशी काही वर्गात फळ्यावर बेरीज करायला निघाली होती.

दार बंद झालं. मी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले.

"आत काय काय विचारतील?" मी देवरे वकिलांना विचारलं.

"विशेष काही नाही. शाळा कुठली, मैत्रिणी कोण, कुणाकडे राहायला आवडतं. आणि पायावरच्या डागाचं विचारतीलच."

"सांगेल ती," गिरीश म्हणाला. "पाठ आहे तिला."

गिरीश माझा धाकटा भाऊ, केतकीचा बाप. केळीच्या व्यापारात होता. सकाळी कुणाच्या तरी बागेत घड कापायला माणसं लावायची, दुपारी ट्रक भरून उत्तरेला रवाना करायचे, संध्याकाळी मित्रांत बसायचं, असा त्याचा दिवस. समोरच्या भिंतीला टेकून त्याची बायको ज्योत्स्ना उभी होती. बाकावर जागा होती, तरी ती उभी होती. अडीच वर्षं ती नवऱ्याच्या घराबाहेर होती, आणि ही पोर कुणाकडे राहायची याचा निकाल आता लागायचा होता. पोरीचं सांगणं झालं की माझी साक्ष होती.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवायचे. वडील वारल्यापासून त्यांच्याच घरात भाऊ-भावजयीबरोबर राहत होते.

ज्योत्स्ना घर सोडून का गेली ते मला माहीत होतं. गिरीशला हात उगारायची सवय होती. भाजीत मीठ जास्त झालं, फोन उचलायला उशीर झाला, काहीही पुरायचं. ऑगस्टमधल्या एका दुपारी तिनं बॅग भरली. गिरीश केतकीला कडेवर घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "जायचं तर जा. पोर इथंच राहील." केतकी तेव्हा चार वर्षांची होती. ज्योत्स्नानं हात पुढे केले, त्यानं पोरीला मागे माझ्याकडे दिलं. मी घेतलं. घेतलं म्हणजे काय, अगदी घट्ट धरलं.

धुळ्याला माहेरी जाऊन ज्योत्स्नानं मुलीच्या ताब्यासाठी अर्ज केला. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे द्यावं असं कायद्यात आहे, हे मला देवरे वकिलांकडूनच कळलं. म्हणून तर त्यांनी तारखांवर तारखा घेतल्या. कधी गिरीशला कावीळ झाली, कधी वकीलसाहेबांच्या घरी लग्न निघालं, कधी एखादा कागद कमी पडला. केतकीचा पाचवा वाढदिवस उजाडला त्या सकाळी त्यांचा घरी फोन आला. "अभिनंदन," ते गिरीशला म्हणाले. मला वाटलं, वाढदिवसाचं करतायत.

त्यानंतर कोर्टाचा तात्पुरता आदेश झाला. मुलगी शाळेत रुळली आहे, आणि 'वडिलांची अविवाहित बहीण घरात असून ती मुलीचा सांभाळ करते', म्हणून तूर्त ताबा वडिलांकडे. ती ओळ मी चार वेळा वाचली. एवढ्या आयुष्यात मी घरात असण्याचा कुणाला एवढा उपयोग झाला नव्हता. वेणीफणी, डबा, ताप, गृहपाठ, सगळं मी करत होते, आणि सरकारी कागदावर ते लिहून आलं होतं. गिरीशला पोर हवी होती ती बायकोला धडा शिकवायला. मला पोर हवीच होती.

आईला महिन्यातून दोन शनिवार भेट ठरली, कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत, अकरा ते एक. मीच केतकीला घेऊन जायचे. गिरीश सांगायचा, "साडेअकराला पोच. तिला तासभर पुरे." आणि मी साडेअकरालाच पोचायचे. खोलीत एक मोडका डुलणारा घोडा होता आणि दारात एक बाई शिपाई बसलेली असायची. ज्योत्स्ना पहिलं काम काय करायची, तर केतकीची वेणी सोडायची. मी सकाळी उठून घट्ट घातलेली वेणी. मग कंगवा घेऊन पोरीला पुढ्यात बसवायची आणि स्वतःच्या हातानं घालायची. वेळ संपेपर्यंत तेच. मला इतका राग यायचा. घरी आल्याबरोबर मी ती वेणी उसकटून पुन्हा माझी घालायचे.

आता डागाचं सांगते.

केतकीच्या डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग आहे, इस्त्रीच्या टोकासारखा. तो ज्योत्स्ना जायच्या आधीच्या मार्चमधला. रविवार होता. ज्योत्स्ना दळण घेऊन गिरणीत गेली होती. मी जमिनीवर चादर टाकून ब्लाऊजना इस्त्री करत होते. आत फोन वाजला. मी इस्त्री तशीच उभी ठेवून उठले आणि मागून पोरीची किंकाळी आली. ज्योत्स्ना दळण घेऊन परतली तेव्हा मी केतकीचा पाय बादलीत धरून पोरीपेक्षा जास्त रडत होते. तिनं पोरीला उचललं, डाग बघितला, आणि मला म्हणाली, "ताई, रडू नका. लेकरू आहे, मध्ये आलं. तुम्ही काय मुद्दाम केलं का?" संध्याकाळी गिरीशनं मात्र तिलाच मारलं. लेकराला टाकून बाहेर का गेली म्हणून. मी म्हटलं होतं, "अरे, माझ्याकडून झालं." तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस."

पुढे अडीच वर्षांनी देवरे वकिलांच्या ऑफिसात माझं प्रतिज्ञापत्र तयार होत होतं. त्यांनी विचारलं, "पोरीला कधी काही इजा वगैरे?" गिरीश म्हणाला, "आहे ना. पायाला चटका. ज्योत्स्नानं लक्ष दिलं नाही म्हणून लागला."

"म्हणजे आईच्या निष्काळजीपणामुळे."

"तेच."

"निष्काळजीपणाला कोर्ट फार किंमत देत नाही," वकील पेन टेबलावर ठेवत म्हणाले. "सरळच लिहू. आईनं रागाच्या भरात इस्त्रीचा चटका दिला. ताईंनी स्वतः पाहिलं."

मी म्हणाले, "पण ती घरात नव्हती."

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "मुलगी तिकडे गेली तर पुन्हा तुम्हाला दिसायची नाही. विचार करा. सक्ती काही नाही."

मी विचार केला, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. टाईप होऊन कागद आला, मी वाचला आणि सही केली. परिच्छेद सात. न वाचता केली असं पुढे लोकांना सांगता आलं असतं, पण मी वाचून केली.

कोर्टानं मुलीशी बोलायची तारीख दिली, तसं गिरीशनं तिला शिकवायला घेतलं. आठ दिवस, रोज संध्याकाळी. केळीच्या बागेतून आला की हातपाय धुऊन तिला पुढ्यात उभी करायचा.

"पायाला काय झालं?"

"चटका."

"कुणी दिला?"

"मम्मीनं."

"कशानं?"

"इस्त्रीनं."

"का दिला?"

"मी... मी दूध सांडलं म्हणून."

पहिल्या दिवशी तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं होतं. मी समोरच बसून तिच्या गणवेशाला गुंड्या लावत होते. मी मान वर केली नाही. चौथ्या दिवसापासून तिनं माझ्याकडे पाहणं सोडलं आणि धडाधडा उत्तरं द्यायला लागली. गिरीशनं तिला सायकल कबूल केली होती.

न्यायाधीशांच्या खोलीचं दार उघडलं. केतकी हातात दोन बिस्किटं घेऊन बाहेर आली आणि पळत माझ्यापाशी आली.

"आत्या, मी सग्गळं बरोबर सांगितलं."

"हो का?"

"साहेब चांगले आहेत. त्यांनी मला बिस्किट दिलं. त्यांनी विचारलं, मम्मीनं चटका दिला तेव्हा तू कुठे होती. ते तर पप्पांनी शिकवलंच नव्हतं." तिनं बिस्किटाचा तुकडा तोडला. "मग मी सांगितलं, मी ओट्याखाली लपले होते आणि मम्मीनं मला पाय धरून ओढलं. चालेल ना?"

गिरीश हसला, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शाब्बास, माझी वाघीण." देवरे वकील म्हणाले, "हुशार आहे हो."

केतकीनं समोर पाहिलं. ज्योत्स्ना भिंतीपाशी उभीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं, दहा पावलांवर तर होती. ती ओरडली नाही, पोरीकडे धावली नाही. तिनं फक्त केतकीकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही. तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला.

पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा मी कठडा घट्ट धरला होता. लोकांना वाटलं असेल घाबरलीय. मी संतापले होते. पण कुणावर, ते माझं मला उमगत नव्हतं. त्या ओट्याखाली लपलेल्या पोरीचं चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. असं काही घडलंच नव्हतं, आणि तिनं ते बिस्किट खाता खाता घडवलं होतं.

शपथ झाली. ज्योत्स्नाच्या वकील तडवी मॅडम उलटतपासणीला उठल्या. वयानं लहान, आवाज कोरडा.

"तुमचं लग्न झालेलं नाही?"

"नाही."

"स्वतःचं मूल वाढवायचा अनुभव नाही?"

"नाही."

"नोकरी साडेदहा ते साडेपाच. त्या वेळात मुलगी कुणाकडे?"

"बारापर्यंत शाळा. मग शेजारी."

"म्हणजे आई जिवंत असताना मुलगी शेजाऱ्यांकडे वाढतेय."

बाई मला चिरडायलाच उभी होती, आणि एरवी मी तिला चांगलं उत्तर दिलं असतं. बाळंतपण केलं म्हणजेच पोर वाढवता येते का, असं विचारलं असतं. पण माझं लक्ष गिरीशकडे गेलं. तो दुसऱ्या रांगेत बसला होता. त्यानं भुवया उडवल्या आणि बोटानं खूण केली, चल, आटप. आमच्याकडे हमालांना ट्रक भरायला सांगताना तो तशीच खूण करायचा.

"परिच्छेद सात," तडवी मॅडम म्हणाल्या. "माझ्या अशिलानं मुलीला इस्त्रीचा चटका दिला हे तुम्ही स्वतः पाहिलं, असं लिहिलंय. हे खोटं आहे, असं माझं म्हणणं आहे."

त्यांना खरं तर माझ्याकडून 'नाही, खरं आहे' एवढंच अपेक्षित होतं. त्या पुढचा प्रश्न बघायला कागद चाळायला लागल्याही होत्या.

"हो," मी म्हणाले. "खोटं आहे."

मॅडमनी मान वर केली.

"तो चटका माझ्या हातून लागला. इस्त्री माझी होती. पोरीची आई तेव्हा गिरणीत गेली होती."

देवरे वकील ताडकन उठले. "साहेब, साक्षीदार गोंधळलीय. तब्येत बरी नाही त्यांची."

"माझी तब्येत उत्तम आहे," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. पन्नाशीचे, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. "बाई, तुम्ही शपथेवर आहात. प्रतिज्ञापत्रावर सही तुमची आहे?"

"माझीच."

"वाचून केली?"

"वाचून केली."

"मग खोटं का लिहून दिलंत?"

"मला पोर हवी होती," मी म्हणाले. आणि मग माझा आवाज चढला. तो कसा थांबवायचा तेच मला कळेना. "साहेब, तुम्ही आत्ता त्या लेकराला आत नेऊन विचारलंत. प्रेमानं विचारलंत, बिस्किटं दिलीत. तिनं काय सांगितलं ते ओट्याखालचं, तसलं काही झालेलं नाही. आठ दिवस तिच्याकडून घोकून घेतलंय. जे घोकलं नव्हतं ते तुम्ही विचारलंत, म्हणून तिनं स्वतः रचलं. असं कसं विचारता तुम्ही साडेसहा वर्षांच्या पोरीला? तारखा देत देत तिला पाच वर्षांच्या पुढे नेलं, तेव्हा कुणी विचारलं नाही हे कशाला चाललंय. त्या खोलीत दीड वर्ष..."

"बाई, विचारलं तेवढंच बोला."

मी थांबले. न्यायाधीश टंकलेखकाला सांगायला लागले. साक्षीदार म्हणते की परिच्छेद सातमधील मजकूर खरा नाही. सदर इजा साक्षीदाराच्या हातून अपघातानं झाली. माझं सगळं बोलणं दोन ओळींत बसलं. त्यांनी मला विचारलं, "बरोबर?" मी म्हणाले, "बरोबर." मला खाली उतरायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात गिरीशनं माझा दंड धरला. एवढा जोरात, की पुढे आठ दिवस बोटांचे वळ होते.

"घरात पाय ठेवू नकोस."

"घर बापाचं आहे."

"कुणासाठी केलंस हे? ती तुझी कोण लागते?"

"मला तिचं काही पडलेलं नाही," मी म्हणाले, आणि ते त्या क्षणी खरं होतं. "तू मला बोटानं खुणावतोस?"

"वेडी झालीस तू. पोर तुझ्याही हातची गेली, कळतंय का? बस आता मशीनवर पाय मारत."

केतकी दोघांच्या मध्ये डबा घेऊन उभी होती. तिनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. समोरून ज्योत्स्ना निघून गेली. माझ्यापाशी थांबली नाही. मला वाटलं होतं थांबेल.

संध्याकाळी गिरीशनंच आयटीआयच्या ऑफिसात फोन करून मला घरी बोलावून घेतलं. पोर जेवत नव्हती आणि त्याला वरण-भात कालवता येत नव्हता. निकाल लागेपर्यंतचा महिना मी त्या घरात राहिले. तो माझ्याशी बोलत नव्हता आणि केतकीही बोलत नव्हती. त्यानं तिला सांगितलं होतं, आत्यानं तुला कोर्टात खोटं पाडलं. मी तिचं सगळं करत होते. लहान आहे, मोठी झाली की समजेल तिला, असं म्हणून मी तो विषय काढला नाही.

निकाल ज्योत्स्नाच्या बाजूनं लागला. मुलगी आईकडे. वडिलांना महिन्यातून दोन रविवार आणि अर्ध्या सुट्ट्या. मला वेगळी नोटीस आली, खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल कारवाई का करू नये म्हणून. सरकारी नोकरी जाते की काय या धास्तीत मी चार महिने काढले. शेवटी समज देऊन सोडलं. तोवर गिरीशनं माझं शिलाई मशीन घराबाहेरच्या ओट्यावर आणून ठेवलं होतं. मी आयटीआयच्या मागे एक खोली भाड्यानं घेतली.

ताबा द्यायचा होता तो त्याच भेटीच्या खोलीत. गिरीश आला नाही, मला पाठवलं. केतकीचे कपडे दोन पिशव्यांत भरले होते. वाटेत ती पहिल्यांदा बोलली.

"मी बरोबर सांगितलं होतं. तूच चुकीचं सांगितलं. तुझ्यामुळे मला सायकल नाही मिळाली."

"केतकी..."

"मला बोलू नको."

ज्योत्स्नानं पिशव्या घेतल्या, पोरीचा हात धरला. केतकीनं मागे वळून पाहिलं नाही. मी रिक्षा मिळेपर्यंत तिथेच उभी होते.

दोन महिन्यांनी मी धुळ्याला गेले. ज्योत्स्नानं दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही.

"फक्त तोंड बघते तिचं," मी म्हणाले.

"ताई, तुम्ही कोर्टात खरं बोललात, ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण खोटंही तुम्हीच लिहून दिलं होतं. त्या दिवशी मी तुम्हाला काय म्हणाले होते, आठवतंय? एका शब्दानं बोलले होते का तुम्हाला? आणि तुम्ही ते माझ्यावर घातलंत. दर शनिवारी अर्धा तास उशिरा यायचात, मी घड्याळाकडे बघत बसायचे. तो अर्धा तास मोजलाय मी. दीड वर्षाचा." तिनं दाराला हात लावला. "जा तुम्ही."

मी तडवी मॅडमकडे गेले, ज्यांनी मला पिंजऱ्यात चिरडलं होतं त्यांच्याकडेच. म्हटलं, मला भेटीसाठी अर्ज करता येईल का? त्यांनी समोरची फाईल मिटली. "आई-बापाला हक्क असतो," त्या म्हणाल्या. "आजी-आजोबांचंही कोर्ट कधी कधी ऐकतं. आत्याचं कठीण आहे. त्यात तुमचं ते प्रतिज्ञापत्र. करू नका."

गिरीश तीन रविवार धुळ्याला गेला. चौथ्या रविवारी ट्रक अडकला होता. मग लग्नसराई आली, मग पावसात रस्ता खराब झाला. दीड वर्षानं त्यानं दुसरं लग्न केलं. अडीच वर्षं कोर्टात भांडून त्यानं जो हक्क मिळवला होता, तो कागदात तसाच पडून राहिला. हे आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

सोळा वर्षं मी हा राग सांभाळला. गिरीशवर, देवरे वकिलांवर, त्या बिस्किटांवर. कधी कधी ज्योत्स्नावरही. आणि प्रत्येक वेळी शेवटी मनाशी म्हणायचे, मी तरी खरं बोलले. सगळ्या गावात एकटी मी खरं बोलले, आणि शिक्षा मला झाली.

दोन वर्षांपूर्वी, जूनमध्ये, आयटीआयच्या वर्गाच्या दारात एक मुलगी उभी राहिली. उंच, सावळी, पाठीला सॅक. मुलींची नवी प्रवेशाची गर्दी होती, मला वाटलं त्यातलीच. मी म्हणाले, "फॉर्म ऑफिसात मिळेल."

"आत्या," ती म्हणाली.

मी तिला खोलीवर आणलं. पोहे करायला घेतले. फोडणी देताना मोहरी सांडली. तिला बशी दिली आणि चहा ठेवला. तिनं औषधशास्त्राचा कोर्स केला होता, पुण्याला नोकरी लागली होती. मी काहीतरी विचारत राहिले आणि ती उत्तरं देत राहिली. मग तिनं बशी बाजूला ठेवली.

"मी कोर्टाचे कागद काढून वाचले," ती म्हणाली. "तुझी साक्ष वाचली."

"दोन ओळी आहेत."

"मम्मीनंही सांगितलं मला, मी मोठी झाल्यावर. मला सगळं माहीत आहे, आत्या. चटका कुणाकडून लागला, कसा लागला." ती खाली बघत होती. "पण मला आठवतं ते वेगळंच. मी ओट्याखाली आहे आणि मम्मी मला पाय धरून ओढतेय. अजून दिसतं. मला माहितीये ते खोटं आहे, तरी दिसतं. मम्मी घरात इस्त्री करायला लागली की मी उठून बाहेर जाते. तिच्या लक्षात येतं. ती काही बोलत नाही. आता तर मी घरी असले की ती इस्त्रीच करत नाही."

माझं अंग पेटलं. "तुझा बाप," मी म्हणाले, "आठ दिवस, रोज, तुला समोर उभं करून त्यानं... आणि तो वकील. त्यांना मी..."

"पप्पांचं नको सांगू."

"अगं, त्यानंच तर..."

"आत्या, पप्पा खोटं बोलतात हे मला तेव्हाही कळायचं," केतकी म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही, उलट खाली आला. "ते मम्मीला मारायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे पडली म्हणून. मी बघितलं होतं. मी त्यांच्यावर कशाला विश्वास ठेवीन? पण तू तिथे बसली होतीस. समोर. पहिल्या दिवशी मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तू म्हणशील, नाही, असं नाही झालं. तू काही म्हणाली नाहीस. मग मला वाटलं, आत्या गप्प आहे म्हणजे खरं असेल. म्हणजे मलाच नीट आठवत नसेल."

स्टोव्हवर चहाचं भांडं उतू गेलं. कुणीच उठलं नाही.

"मी कोर्टात..." मी म्हणाले.

"कोर्टात तू साहेबांना सांगितलंस. मॅडमना सांगितलंस." तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जो राग होता त्यापुढे माझा सोळा वर्षांचा राग म्हणजे काहीच नव्हता. "नंतर एक महिना आपण एका घरात होतो. माझी वेणी घालत होतीस. मला कधी सांगितलंस?"

मी उठून स्टोव्ह बंद केला. ओटा पुसला. फडकं पिळून वाळत घातलं. ती थांबली होती.

मग मी तिच्या समोर जमिनीवर बसले आणि बोलायला लागले. "रविवार होता. तुझी मम्मी दळण घेऊन गेली होती. ती घरात नव्हती, केतकी. घरात मी होते आणि तू होतीस."